पुसलेला थेंब

“आधी माझं बोट बघ,” टाचणी म्हणाला आणि त्याने डाव्या हाताचे मधले बोट रंगाऱ्याच्या नाकासमोर धरले.

रंगारी खुर्चीत अंग चोरून बसला होता. हात पँटच्या खिशात, मान खाली. सकाळपासून तो आत येऊन बसला होता, मुतारीचे निमित्त करून उठून गेला होता आणि पुन्हा येऊन बसला होता. वर्षानुवर्षे दंडात सुई खुपसून घेणारा हा माणूस, दंडावर जागा उरली नाही तेव्हा पोटरीवर आलेला. पण तपासणीसाठी बोट पुढे कर म्हटल्यावर त्याला दरदरून घाम फुटला होता. टाचणीला याचे नवल वाटत नसे. सुईला कोण भितो? भीती असते ती नंतर त्या पट्टीकडे बघत बसण्याची.

त्याने टोचणी स्वतःच्या बोटावर ठेवून दाबली. टक् असा बारीक आवाज झाला आणि रक्ताचा थेंब वर आला.

“झालं. मुंगी चावते तेवढंच. मी ओरडलो का?”

“तुझं काय, तुझ्या बोटाची चाळण झालीय,” रंगारी म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, “तू केलीस का कधी?”

“केली की.”

“मग?”

“एकच रेघ.”

एक रेघ म्हणजे पट्टी नीट चालली आणि रक्तात काही सापडले नाही. दुसरी उमटली तर एचआयव्ही असण्याचा संशय, मग आणखी तपासण्या. एवढे त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. रंगाऱ्याने मोठा श्वास घेतला आणि खिशातून हात काढला. नखांच्या कडेला पांढरा रंग वाळला होता. टाचणीने स्वतःचा थेंब कापसाने पुसला, कापूस लाल पिशवीत टाकला, हात धुतले आणि रंगाऱ्यासाठी नवी टोचणी उघडली. रंगाऱ्याची एकच रेघ आली. तो इतका हरखला, की जाताना केंद्राची भिंत फुकट रंगवून द्यायचे कबूल करून गेला. असल्या कबुल्या त्या भिंतीने पुष्कळ ऐकल्या होत्या.

नशा करणाऱ्यांना कोऱ्या सुया देणे, वापरलेल्या परत घेणे आणि रक्त तपासणे, हे त्या केंद्राचे काम. दोन खोल्या, बाहेर एक बाक, आत टेबल आणि टेबलावर सुयांचा डबा. टाचणी तिथे पगारावर होता. आधी तो तिथला गिऱ्हाईक होता, मग सुटला, आणि सुटलेला माणूस बाकीच्यांना जवळचा वाटतो म्हणून त्याला ठेवून घेतले. आधी आपले बोट टोचून दाखवायची युक्ती त्याचीच. तिच्यावरूनच त्याला हे नाव पडले. तपासणीचे काम बघणाऱ्या सिस्टरांना, म्हणजे पिकल्या केसांच्या एका मोजके बोलणाऱ्या बाईंना, ती युक्ती पसंत नव्हती. पण तिच्यामुळे माणसे खुर्चीत बसतात हे दिसत होते, म्हणून त्या कानाडोळा करत.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हिला गंमत म्हणावे तर जीभ रेटत नाही. इतक्या वेळा टोचून घेतलेल्या त्या बोटाचा एकही थेंब आजवर पट्टीवर पडला नव्हता. थेंब वर यायचा आणि पुसला जायचा. सिस्टरांना वाटे, त्याने कामाला लागण्यापूर्वीच तपासणी करून घेतली असेल. इतरांना वाटे, सिस्टरांनीच केली असेल. आणि टाचणी कधीचा मनाशी म्हणत आला होता, की आपल्याला गरजच काय?

कारण सुईच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. पावडरच्या त्या दिवसांत बाकीचे एकाच सुईवर भागवत, तेव्हा त्याने आपली सुई कुणाला दिली नाही की कुणाची घेतली नाही. तेव्हा तो जिच्याबरोबर राहायचा ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. तिने दोघांच्या सिरिंजना दोरे बांधले होते. तिच्या सिरिंजला लाल, त्याच्या सिरिंजला निळा. अंमल चढलेला असो की नशेवाचून अंग पिळून निघत असो, निळ्याने कधी लालला हात लावला नाही. बाकी सगळे एक होते. ताट एक, चादर एक, अंथरूण एक. सुया मात्र वेगळ्या.

हे दोऱ्यांचे तो अजूनही नव्या माणसांना रंगवून सांगे आणि ती माना डोलावत. दारामागच्या वरच्या फळीवर कंडोमचा एक खोका होता. त्याच्याविषयी बोलायची वेळ आली की मात्र टाचणीची जीभ जड होई. ते वर आहे, लागलं तर घ्या, असे तिकडे न बघताच म्हणून तो विषय उरकून टाकी. असे सांगितल्यावर कोण कशाला हात वर करतो? खोक्यावर धूळ साचली होती.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची. दिवसभर दिव्याखाली काच तिरपी धरायची आणि गिऱ्हाइकाला जन्मात दिसणार नाही असा ओरखडा शोधायचा, हे तिचे काम. घरीही तिची नजर तशीच. भांड्याला लागलेला साबण, शर्टाचे सैल झालेले बटण, नवऱ्याच्या बोलण्यातला एखादा वेगळा सूर, काही सुटत नसे. पण ती बोलून दाखवायला घाई करत नसे. आधी काच नीट पुसून पुन्हा बघायची, तशी ती आधी वाट बघे.

“तुमचं हे बोट माझ्या केसांत अडकतं,” असे ती संध्याकाळी चहा पिताना म्हणे आणि त्याचा हात उलटा करून बघे. बोटाचे टोक खरखरीत झाले होते. रोज टोचता आणि रोज पुसता, एवढं साठवलं असतं तर कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं, यावरून तिची नेहमीची थट्टा चाले. तोही हसे. एकाच मापाचे दोन स्टीलचे पेले होते त्यांच्याकडे. कुठला कुणाचा, हे दोघांनाही सांगता आले नसते.

तिला नुकतेच दिवस गेले होते. लग्नानंतर दोनेक वर्षे वाट पाहून गेले होते, त्यामुळे ती जपून चालत होती आणि तो तिच्याहून जपून चालत होता. दवाखान्यात नाव घातले होते, रक्ताच्या सगळ्या तपासण्यांसाठी पुढच्या आठवड्यात बोलावले होते. त्यांत हीही तपासणी असते हे दोघांना माहीत होते, आणि त्याचे कुणाला काही वाटले नव्हते.

कारण लग्नाआधीच हा विषय निघून मिटला होता. टाचणीने आपली नशा तिच्या घरच्यांपासून लपवली नव्हती. सगळे ऐकून घेतल्यावर तिच्या थोरल्या भावाने त्याला बाजूला घेऊन एकच विचारले होते, की तुमची ती तपासणी झालीय ना? टाचणी म्हणाला होता, झालीय, एकच रेघ. कामावर दहा वेळा म्हणायचे वाक्य, ते तिथेही सहज तोंडातून गेले. भावाने त्याचा हात हातात घेतला होता. शिवणवालीचे मात्र त्याने तिथे कुणाला सांगितले नव्हते. सुया तर वेगळ्याच होत्या, मग सांगायचे काय, असे त्याला तेव्हा वाटले होते.

शिवणवाली आली ती दुपारी, केंद्र ओस पडलेले असताना. डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली. शालीतूनही तिची हाडे मोजता आली असती. टाचणीने नेहमीप्रमाणे या, बसा, पाणी घ्या असे केले. ती बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“टाचणी म्हणतात होय तुला आता?”

आवाज तेवढा तोच होता. ते वेगळे झाले त्याला पुष्कळ वर्षे लोटली होती. तो सुटायला म्हणून लांबच्या एका केंद्रात गेला, तो परत तिच्याकडे फिरकला नव्हता. तिने तो विषय काढलाही नाही. पावडर तिचीही सुटली होती, कारखानाही सुटला होता. महिनोन् महिने खोकला, ताप, तोंडात पांढरे चट्टे, घास गिळवत नाही. डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितले, पण तिला तिथल्या रांगेची भीती वाटली. मग कुणीतरी म्हणाले, की अमक्या ठिकाणी एक माणूस आधी स्वतःचे बोट टोचून दाखवतो, तिथे जा.

“तो तूच असशील असं नव्हतं वाटलं,” ती म्हणाली आणि तिने आपणहून हात पुढे केला.

तरीही टाचणीने आधी आपले बोट टोचले. सवयच ती. थेंब आला, त्याने पुसला.

तिच्या पट्टीवर दुसरी रेघ वेळेच्या आधीच उमटली, ठसठशीत. सिस्टरांनी दुसऱ्या जातीची पट्टी लावली, तिच्यावरही तेच. मग त्या तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. औषधं आहेत, रोज घ्यायची, चुकवायची नाहीत, वजन भरेल, खोकल्याचंही बघू, ही औषधं घेत लोक म्हातारे होतात, असे बरेच काही त्यांनी समजावून सांगितले. शिवणवालीने कुणी कपड्याची मापे सांगावीत तसे ते ऐकून घेतले. मग याच्याशी जरा बोलू का, असे तिने विचारले आणि सिस्टर बाहेर गेल्या.

“आपल्या सुया तर वेगळ्या होत्या ना रे,” ती म्हणाली.

“हो.”

“लाल माझी, निळी तुझी. एकदाही चूक नाही झाली आपली.”

“नाही झाली.”

मग ती आपल्या नवऱ्याविषयी बोलू लागली. टाचणी तिच्या आयुष्यात यायच्या आधीच तो गेला होता. लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता, महिना महिना बाहेर असायचा. शेवटी असाच खोकत, असाच वाळत गेला. रोगाचे नाव कुणी घेतले नाही. त्याने आयुष्यात कधी सुई घेतली नव्हती, रक्त दिसले तरी त्याला भोवळ यायची. हे सगळे तिने कुणाला दोष न देता सांगितले.

“म्हणजे माझ्या अंगात ते तेव्हापासूनच असणार. तू भेटायच्या आधीपासून. आपण सुया जपत बसलो.”

टेबलावरच्या दोन रेघांवरून टाचणीची नजर हटत नव्हती.

“तू केलीस ना तपासणी?” तिने विचारले.

शब्द तोंडात तयारच होते. “केली की.”

“मग?”

“एकच रेघ.”

शिवणवालीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आले आणि ती चक्क हसली.

“सुटले. येताना वाटभर तेवढीच धास्ती होती. माझं काय व्हायचं ते होवो, तुला काही दिलं नसावं मी.”

सिस्टरांची चिठ्ठी घेऊन ती गेली. तिला थांबवून खरे सांगावे असे टाचणीच्या मनात आले आणि तो दारापर्यंत गेलाही. पण तिची पाठ दिसली, आलेली तेव्हापेक्षा ती ताठ चालत होती. तो परत फिरला. तिची पट्टी उचलून त्याने लाल पिशवीत टाकली.

त्याच्या जबड्याखाली एक गाठ होती. दाढी करताना हाताला लागायची. दाढ किडली असेल, असे म्हणून तो ती टाळत आला होता. मागच्या हिवाळ्यात बराच काळ ताप रेंगाळला होता, तो हवेच्या माथी मारला होता. आता दिवसातून किती तरी वेळा त्याचा हात तिथे जाऊ लागला. गाठ दुखत नव्हती. दुखली असती तर त्याला बरे वाटले असते.

केंद्रात पट्ट्यांची खोकी त्याच्या हाताशीच होती. एक थेंब, बाटलीतले औषध, आणि थोडा वेळ वाट बघायची. रोज सकाळी तो ठरवी आणि रोज सिस्टर आसपास आहेत, बाहेर माणसे बसलीत, असले काहीतरी आडवे येई. कुणी नसले, की मग तो खोलीत थांबतच नसे. खुर्चीतून उठून जाणारा आणि पुन्हा येऊन बसणारा तो रंगारी आता त्याला डोळ्यांसमोर दिसे.

घरी तो बायकोपासून लांब झोपू लागला. तुला जपायला हवं, असे त्याने म्हटले आणि तिला ते पटल्यासारखे वाटले. ती शिंकली तरी तो उठून बसे. आणि मग त्याने पेला वेगळा केला. दोन पेल्यांपैकी एक उचलून खिडकीत ठेवला आणि चहा, पाणी, जे काही असेल ते त्यातूनच घेऊ लागला. स्वतः धुवायचा, स्वतः ठेवायचा. एका पेल्यातून प्यायल्याने काही होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, मिठी मारल्याने होत नाही, हे त्याने शेकडो लोकांना घसा कोरडा करून सांगितले होते. तरी त्याने पेला वेगळा केला. जिथे धोका नव्हता तिथे त्याने पुन्हा एकदा दोरा बांधला.

तपासणीचा दिवस आला. बायकोने दुकानातून सुट्टी घेतली होती, सकाळी केस विंचरून, पिशवी भरून ती तयार बसली होती. टाचणी म्हणाला की आज तिथे फार गर्दी असते, पुढच्या आठवड्यात मी रजा टाकतो, दोघे जाऊ. तिने त्याच्याकडे बघितले आणि पिशवी खाली ठेवली. पुढच्या आठवड्यात त्याचे डोके दुखले. या दुसऱ्या वेळी तिने पिशवी भरलीच नव्हती.

आईला वेळेत कळले आणि वेळेत औषध सुरू झाले, तर बाळाला बहुतेक वेळा वाचवता येते. हे तो पोटुशी असलेल्या बायांना बाकावर बसवून सांगायचा. म्हणजे आपण एकेक दिवस कुणाच्या वाट्याचा खातो आहोत, हे त्याला नीट कळत होते. कळत होते आणि तो गप्प होता. अशा माणसाचा राग यावा की कीव, हे वाचणाऱ्याने ठरवावे. मला दोन्ही येतात.

एका दुपारी तो पुलाखालच्या माणसांना सुया देऊन केंद्रावर परतला, तर बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसलेली. एका बाजूला पेंगणारा हमाल, दुसऱ्या बाजूला पायाला चिंधी गुंडाळलेला कुणी. मांडीवर पिशवी ठेवून ती आपल्या पाळीची वाट बघत होती. तिने त्याला पाहिले आणि हमालाला उठवून, भाऊ तुमचा नंबर आला, असे सांगितले. मग तिचा नंबर आला.

आत गेल्यावर सिस्टरांनी विचारले, दवाखान्यात नाव घातलंय ना तुमचं, मग इथं कशा?

“जाऊ देत नाहीत हे. कधी गर्दी असते, कधी डोकं दुखतं,” ती म्हणाली. मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, “आणि पेला वेगळा केलाय यांनी. माणूस उगाच पेला वेगळा करत नाही.”

सिस्टरांनी टाचणीकडे बघितले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळले की इतक्या वर्षांचा तो कानाडोळा आता संपला. त्यांनी टेबलावर पट्टी ठेवली आणि त्याच्या बायकोला खुर्ची दिली.

ती बसली नाही. “आधी यांचं,” ती म्हणाली. “सगळ्यांना आधी आपलं बोट दाखवता ना? मलाही दाखवा.”

टाचणी बसला. त्याने टोचणी उघडली, बोटावर धरली, दाबली. टक्. थेंब वर आला आणि त्याचा उजवा हात आपोआप कापसाकडे गेला.

“पुसू नका,” ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. सिस्टरांनी त्याचे बोट धरून थेंब पट्टीवर घेतला, वर बाटलीतले औषध सोडले आणि पट्टी टेबलाच्या मधोमध ठेवली. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

वाट बघायच्या त्या वेळात टाचणीने सगळे सांगितले. लाल दोरा, निळा दोरा, एक अंथरूण. शिवणवालीचा नवरा. तिच्या दोन रेघा. त्याला वाटले होते की बायको मध्येच काही बोलेल, निदान रडेल. ती पट्टीकडे बघत ऐकत होती.

“तिला काय सांगितलंत?” शेवटी तिने विचारले.

“केली म्हणून. एकच रेघ आली म्हणून.”

“आणि माझ्या भावाला?”

“तेच.”

“तिला बरं वाटलं ते ऐकून?”

“हो.”

“मलाही वाटायचं,” ती म्हणाली.

पट्टीवर एक रेघ उमटली होती. टाचणीने वाकून पाहिले. बाकीची जागा पांढरी दिसत होती. तो जवळजवळ ओरडलाच.

“एकच आहे. बघ, एकच.”

बायकोने विचारले की याला हात लावला तर चालेल का. सिस्टरांनी हातमोजा दिला. तिने तो घातला, पट्टी उचलली आणि उजेडाकडे थोडी तिरपी धरली. मग ती तशीच खाली ठेवली.

“दोन आहेत. दुसरी फिकट आहे.”

सिस्टर खिडकीकडून आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि फिकट असली तरी ती धरावी लागते, असे हलक्या आवाजात सांगितले. त्यांनी दुसऱ्या जातीची पट्टी काढली. या वेळी टाचणीने बोट नुसते पुढे केले. दुसरी पट्टी बघायला उजेडाची गरज पडली नाही.

“आता माझं,” बायको म्हणाली आणि खुर्चीत बसली. टाचणी तिच्या मागे उभा राहिला.

सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा. तुमच्या वेळी नियम मोडला, आता नाही. ज्याचं रक्त, तोच खोलीत.”

हा नियम त्यानेच कितीतरी जणांना सांगितला होता. कुणाच्या बायकांना, कुणाच्या आयांना हाताला धरून बाहेर आणून त्याने त्या बाकावर बसवले होते. तिथून दाराच्या फटीतून टेबलाचा एक पाय दिसतो आणि आतले काही ऐकू येत नाही, हे त्याला आज कळले. हमाल केव्हाच निघून गेला होता. पायाला चिंधी बांधलेला म्हणाला, काय रे टाचणी, आज बाहेर कसा? टाचणी बाकाच्या कडेला सरकला. बोटावरचा कापूस त्याने दाबून धरला होता. रक्त कधीचे थांबले होते.

दार उघडले तेव्हा तो उठून उभा राहिला. बायकोचा चेहरा धुतल्यासारखा कोरा होता.

“एकच आहे माझी,” ती म्हणाली. “नीट बघितली. उजेडात धरून बघितली.”

तो तिथेच खाली बसला. पण तिचे बोलणे संपले नव्हते.

“आताची एकच. तीन महिन्यांनी पुन्हा करायची, तोवर काही खरं नाही, म्हणाल्या सिस्टर. मधे दवाखान्यात जायचंय, बाळाचं तिथे बघतील. मी भावाला घेऊन जाईन. त्याला खरं सांगून घेऊन जाईन.”

“मी येतो ना.”

“तुम्हाला आत बोलावलंय. तुमच्या औषधाचं सांगणार आहेत.”

ती निघाली, पण वळून पुन्हा आतल्या खोलीत गेली. दारामागची वरची फळी तिला खुर्चीत बसल्या बसल्या दिसली असणार, आणि कंडोमच्या खोक्याविषयी टाचणी काय म्हणतो ते सिस्टरांनी सांगितले असणार. ती चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही हात वर करून तिने तो खोका खाली काढला आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. मग टेबलावरचा सुयांचा डबा जरा सरकवून तिने खोका त्याच्या शेजारी ठेवला. चष्मा फ्रेममध्ये बसला की नाही हे बघावे तसे तिने एकदा वाकून बघितले.

“हे इथे ठेवत जा,” ती म्हणाली. “आणि लागलं तर घ्या असं म्हणत जाऊ नका.”

टाचणीने मान हलवली. बाकावरचा चिंधीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

“घरी कधी येशील?” टाचणीने विचारले.

“आईकडे चाललेय. कधी ते आज नका विचारू.” तिने पिशवी खांद्याला लावली. पायरी उतरल्यावर मागे न बघता ती म्हणाली, “तो पेला मात्र जागेवर ठेवा.”

संध्याकाळी तो घरी गेला. खिडकीतला पेला उचलला, धुतला, कोरडा केला आणि फळीवर तिच्या पेल्याशेजारी पालथा घातला. मग पाणी प्यायला म्हणून त्याने हात पुढे केला. कुठला आपला, हे त्याला क्षणभर सांगता येईना. तो तसाच तहानलेला उभा राहिला आणि मग दिवा न लावताच खाटेवर जाऊन बसला.